घरची बोली, अंगणवाडीचे दार

‘तुम्हाला तेलुगू येत नाही, मग तिथे जाऊन करणार काय?’ मुलीकडे आदिलाबादला राहायला गेले आणि जवळच्या वस्तीतील अंगणवाडीत रोज दोन तास मदतीला जाऊ लागले, तेव्हा ओळखीतल्या बायका हमखास हे विचारत.

तेलंगणाचा हा जिल्हा आपल्या सीमाभागासारखाच. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. बाजारात मराठी सहज कानावर पडते. वस्तीत कापसाची हमाली करणारी, धुणीभांडी करणारी माणसे. अंगणवाडीच्या एका खोलीत वीस-बावीस मुले. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या उर्दू, कुणाच्या गोंडी. भिंतीवरचे तक्ते आणि गाणी मात्र तेलुगू. आपल्या कन्नड अक्षरांशी साम्य असल्याने ते तक्ते मी अडखळत वाचू शकले, एवढीच काय ती माझी पुंजी.

त्यात साडेतीन वर्षांची एक गोंड मुलगी होती. पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही. ‘पोर मंद आहे,’ असे शेजारणी सांगत. एकदा चिंचोके मोजताना माझ्या तोंडून सवयीने ‘ओंदु’ निघाले. तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘उंदी!’ मी ‘मूरु’ म्हटले, ती ‘मूंद’ म्हणाली. ‘नाल्कु’ला तिचे ‘नालुंग’ तयार. गोंडी ही कन्नडसारखीच द्रविड कुळातली भाषा. मुलगी मंद नव्हतीच, तिच्या बोलीला त्या खोलीत कोणी ओळख दिली नव्हती, इतकेच.

ही अडचण आजची नाही. १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी पत्नी बेटी यांच्या साथीने मारलवाई गावी गोंड मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, आता ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. तिथली पहिली पुस्तके गोंडी भाषेत होती, आणि लिपी देवनागरी! मूल आधी आपल्या बोलीत अक्षर ओळखेल, मग दुसरी भाषा शिकेल, असा साधा विचार त्यामागे होता.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. पाने, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्या त्या कामाशी जोडलेला आहे. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो गावोगावी पोचला.

मदतीला जाणाऱ्याने मात्र एक भान ठेवावे. आपण चार महिन्यांचे पाहुणे. रोजचा आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरणाची आठवण हे सारे वर्षानुवर्षे सांभाळतात त्या तिथल्या बाई आणि मदतनीस. म्हणून नवा खेळ आधी त्यांना दाखवावा, त्यांना पटला तरच मुलांपुढे मांडावा. आम्ही आयांकडून पाणी, भात, मांजर, पाऊस असे पन्नासेक शब्द त्यांच्या बोलीत विचारून घेतले आणि बाईंच्या वहीत लिहून ठेवले. मी परतले तरी वही तिथेच आहे.

वाचकहो, आपल्या घरातली मुले आजीशी मराठीत आणि शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलतात. त्यात आपल्याला विशेष काही वाटत नाही. पण आपल्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या अंगणवाडीत दुसऱ्या भाषेचे एखादे मूल गप्प बसलेले असू शकते. तिथल्या बाईंना विचारून आठवड्यातून एक तास द्या. पैसे लागत नाहीत. मूठभर चिंचोके आणि दोन भाषा पुरतात, आणि त्या तर आपल्या घरात आहेतच.