रुंद स्की विकत घ्यायची घाई नको, आधी एक दिवस पायाला लावून बघा



आपल्या सिल्वासातल्या मराठी घरांत कितीतरी वर्षं बर्फ म्हणजे अल्बममधला रोहतांगचा एक फोटो होता. कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी इथे येऊन स्थिरावलेली पिढी वापीला गाडी पकडायची, मनालीला पोचायची, भाड्याचा जाड कोट आणि गमबूट चढवायची, एकमेकांवर बर्फ उडवायची आणि परत यायची. आता पोरं गुलमर्गला चक्क स्की शिकायला जातात. कौतुकच आहे. पण गेल्या दोन महिन्यांत चार घरांतून मला एकच प्रश्न आला, "काका, रुंद स्की मागवून टाकू का? रीलमध्ये सगळे त्याच वापरतात."

मी पाच हिवाळे गुलमर्गला काढलेत. यंदा फेब्रुवारीत १०२ मिलिमीटरच्या रुंद ऑल-माउंटन स्की भाड्याने घेऊन तीन दिवस वापरल्या. माझं मत आधीच सांगतो. वस्तू झकास आहे, पण ज्याला अजून नीट वळता येत नाही त्याने तिच्या नादी लागू नये.

स्कीची रुंदी मोजतात ती बुटाखाली, जिथे ती सगळ्यात अरुंद असते तिथे. दाबून सपाट केलेल्या उतारासाठीच्या स्की साधारण ६५ ते ८० मिलिमीटरच्या असतात. रुंद ऑल-माउंटन म्हणजे ९५ ते १०५ च्या आसपास. ११० च्या पुढच्या निव्वळ भुसभुशीत बर्फाच्या.

फरक समजायला खानवेलकडची भाताची चिखलणी आठवा. तिथे ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी रुंद चाकं लावतात, म्हणून तो चिखलात रुतत नाही. तोच ट्रॅक्टर त्याच चाकांवर डांबरी रस्त्यावर आणा, नुसता खडखडाट. रुंद स्कीचं अगदी तसंच आहे.

पहिल्या दिवशी रात्रभर ताजा बर्फ पडलेला होता. गोंडोलाने कोंगडूरीला गेलो आणि बाजूच्या न दाबलेल्या उतारावर उतरलो. अरुंद स्कीवर जिथे दर चार वळणांनी टोकं आत घुसून माझं लोटांगण व्हायचं, तिथे या स्की वर तरंगत राहिल्या. मांड्या कमी भरून आल्या. खरं सांगतो, पन्नाशीत पोरासारखं हसू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उतार रात्रीच्या थंडीने कडक झाला होता. तिथे त्याच स्की जड वाटल्या. स्की रुंद असली की तिची कड पायाच्या मध्यापासून लांब जाते. कडक बर्फात कड रुतवायला स्की आडवी कलवावी लागते आणि त्याचा सगळा ताण घोट्यावर नि गुडघ्यावर येतो. दुपारपर्यंत माझा उजवा गुडघा बोलायला लागला, मग मी ८० च्या स्की बदलून घेतल्या.

आता विचार करा, नवशिक्याचे पहिले दहा दिवस कुठे जातात? खालच्या सौम्य, दाबलेल्या उतारावर. म्हणजे डांबरी रस्त्यावर! तिथे अरुंद स्की कलवणं सोपं जातं, चूक लगेच कळते आणि वळण पायात बसतं.

काही जण म्हणतात, भाड्याच्या स्की झिजलेल्या असतात. असतात काही. मग कडा बोटाने तपासा, दुसऱ्या मागा. बाइंडिंग मात्र आपलं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपल्याला कितपत येतं हे सांगूनच लावून घ्या, कारण पडल्यावर पाय वेळेवर सुटणं त्यावर आहे. विकत काही घ्यायचंच असेल तर पायाला नीट बसणारे बूट घ्या. स्की घेऊन वर्षातले सहा दिवस वापरणार आणि आपल्या पावसाळ्यात चार महिने माळ्यावर ठेवणार, तर कडांचं पोलाद गंजणारच.

आईवडिलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. रुंद स्कीमुळे ताज्या बर्फात जाणं सोपं होतं आणि नेमका तोच मोह धोक्याचा. गोंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरवर अफरवटला नेतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. राखलेल्या उताराबाहेर जायचं तर स्थानिक मार्गदर्शक हवा, प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं हवं आणि ते वापरायचा सराव हवा. महागडी स्की यातलं काहीच करत नाही. "तो रस्ता आज बंद आहे" असं सांगितलं की पोराने मुकाट परत फिरावं, एवढं घरून बजावून पाठवा.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिल्या वर्षी स्कीचे पैसे प्रशिक्षकाला द्या. दोन्ही बाजूंना न घाबरता वळता आलं की मग ताजा बर्फ पडल्याच्या दिवशी रुंद स्की एक दिवस भाड्याने घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर अरुंद लावा. कोणती बरी ते रील सांगणार नाही, तुमचा गुडघा सांगेल.

फेब्रुवारीत कोणाची पोरं निघाली असतील तर खाली लिहा. बूट कसे मापून घ्यायचे ते संध्याकाळी घरी येऊन दाखवीन, चहा मात्र तुमचा.