जोग्याची झोळी आणि जयपूरचा आखाडा

संगीतप्रधान नाट्य, म्हणजे ज्यात कथा पुढे नेण्याचे काम संवादाइतकेच गाण्याकडेही सोपवलेले असते असे नाट्य, आणि त्याच जातीचा चित्रपट, यांत धार्मिक वा आध्यात्मिक आशय शोधणे हा अभ्यासकांचा रिकामा उद्योग होय, असे एक मत वरचेवर मांडले जाते. त्याचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: प्रेक्षक येतो तो करमणुकीसाठी, खरा धर्म संतांच्या वचनांत असतो, रंगमंचावर त्याचा केवळ मुलामा उरतो, आणि प्रेमकथेत जीवशिवाचे ऐक्य पाहणारा पंडित आपल्याच घागरीतले पाणी विहिरीत ओतून तेच पुन्हा उपसतो. यांतला शेवटचा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे, पहिले दोन मात्र तपासणीत टिकत नाहीत, आणि ती तपासणी करण्यास जयपूरच्या तमाशासारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

‘तमाशा’ या शब्दाने मराठी वाचकापुढे ढोलकी, गवळण आणि वग उभे राहतात, परंतु जयपूरचा तमाशा म्हणजे रागदारीत बांधलेले गीतनाट्य. ब्रह्मपुरी वस्तीतील भट्ट घराण्याने ते पिढ्यानपिढ्या जोपासले असून बन्सीधर भट्ट हे या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात, आणि परंपरा आपला आरंभ हवामहल बांधणाऱ्या व ‘ब्रजनिधी’ या नावाने भक्तिकाव्य रचणाऱ्या सवाई प्रतापसिंहांच्या काळाशी (१७७८ ते १८०३) जोडते. होळीच्या दिवसांत उघड्या आखाड्यात, पडदा नाही, भोवती प्रेक्षक, साथीला सारंगी, तबला आणि हार्मोनियम, अशा थाटात ‘रांझा-हीर’, ‘जोगी-जोगण’, ‘गोपीचंद’ हे खेळ गायले जातात.

करमणूक आणि अध्यात्म ही परस्परांना वगळणारी क्षेत्रे आहेत हे पहिल्या आक्षेपाचे गृहीतक आहे आणि ते या प्रदेशाच्या इतिहासाशी जुळत नाही. मराठी शाहिरीतील कलगी-तुरा म्हणजे शक्ती श्रेष्ठ मानणारा कलगी पक्ष आणि शिव श्रेष्ठ मानणारा तुरा पक्ष यांचा सवाल-जवाब. चितोडच्या परिसरात हीच विभागणी तुर्रा-कलंगी ख्यालात, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, आढळते, आणि तिथे तुर्ऱ्याचे प्रवर्तकपद संत तुकनगीर यांना तर कलंगीचे शाह अली या फकिराला दिले जाते. प्रकृती मोठी की पुरुष, हा वाद रात्रभर गाऊन लढवणाऱ्या आणि जिंकणाऱ्याला दाद देणाऱ्या समाजाला करमणूक कोठे संपते असे विचारणे व्यर्थ आहे. (प्रस्तुत प्रकारच्या खंडनमंडनाला डफाची साथ नसते, एवढाच फरक.)

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे, कारण तो धार्मिक आशय शब्दांच्या मालकीवरून ठरवतो. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की ते गाथेतलाच अभंग आहे असे अनेक जण धरून चालले. आक्षेपकाच्या न्यायाने ते गीत बनावट भक्तीचे ठरले पाहिजे. प्रत्यक्षात त्यावरून एवढेच सिद्ध होते की गाण्यातील धार्मिकता ही रचनेत, चालीत आणि त्या गीताने प्रसंगात बजावलेल्या कामात असते, रचनाकाराच्या नावात नसते.

हे काम कोणते, याचे उत्तर ‘गोपीचंद’ देतो. नाथपंथी परंपरेतील हा राजा माता मैनावतीच्या उपदेशाने राज्य सोडतो आणि झोळी घेऊन भिक्षेला निघतो. महाराष्ट्राला तो ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीतून परिचित आहे, आणि विष्णुदास भावे यांनी १८५४ मध्ये मुंबईत हिंदी नाटक केले तेव्हा त्यांनीही हाच राजा निवडला होता. जयपूरजवळच्या आमेर येथे, अंबिकेश्वर महादेवाच्या देवळाशी, हा खेळ चैत्र अमावास्येला होतो. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपत असल्याने ती तिथी म्हणजे महाराष्ट्राची फाल्गुन अमावास्या, गुढीपाडव्याचा आदला दिवस. कथेचा कळस असा की कालचा राजा स्वतःच्या राणीला ‘माई’ म्हणून भिक्षा मागतो. गद्यात हा प्रसंग दोन वाक्यांत उरकतो, कारण गद्याला पुढे काय झाले ते सांगण्याची घाई असते. रागात बांधलेले पद उलट त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येते, आणि दर फेरीला ऐकणाऱ्याच्या मनातून पती, राजा, पुत्र अशी एकेक ओळख गळत जाते. वैराग्य म्हणजे कथेचे पुढे जाणे थांबणे, आणि कथेला न मारता थांबवण्याची सोय नाट्यात फक्त गाण्याकडे आहे. ‘फिडलर ऑन द रूफ’ (१९६४) या अमेरिकी संगीतनाटकातही मुलींच्या लग्नाचा निर्णय घेताना भोवतालची माणसे निश्चल होतात आणि टेव्ये हा ज्यू दूधवाला परंपरा व माया यांना तागडीत तोलत राहतो. मार्ग वेगळा असला तरी थांबणे तेच आहे.

‘रांझा-हीर’ला निव्वळ लौकिक प्रेमकथा म्हणणाऱ्यांना वारिस शाहच्या १७६६ च्या काव्याचे स्मरण करून द्यावे लागते, ज्यात रांझा टिल्ल्यावरील, म्हणजे जोग्यांच्या टेकडीवरील, बालनाथाकडून जोग घेतो आणि कान फाडून, मुद्रा घालून हीरच्या दारी येतो. सूफी कवीची कथा, नाथांचा वेष आणि ब्राह्मण घराण्याचा आखाडा हे येथे एकत्र आले आहेत, आणि जोग काढून घेतला तर कथेचा उत्तरार्धच उभा राहत नाही.

येथेच तिसऱ्या आक्षेपाला न्याय द्यावा लागतो. धार्मिक आशय वगळल्यावर गाण्यांची मांडणी कोसळत असेल तर तो आशय तिथे आहे; न कोसळल्यास तो वाचणाऱ्याने आणलेला आहे. या कसोटीवर देवाधर्माच्या कथांवरचे अनेक चित्रपट नापास होतात, कारण त्यांतील आरती मागेपुढे कोठेही सरकवता येते. जयपूरचे ‘राजमंदिर’ हे वा. मो. नामजोशी यांनी आखलेले चित्रपटगृह १९७६ मध्ये उघडले ते ‘चरस’ या चित्रपटाने, म्हणजे नावात मंदिर असणे हाही पुरावा नव्हे. भट्टांच्याच भांडारातील ‘जुट्ठन मियाँ’ हा खेळ थट्टामस्करीचा आहे. त्यात निर्गुण ब्रह्म शोधू पाहणाऱ्याला आखाड्यातले प्रेक्षकच हसतील, आणि त्यांचे हसणे रास्त असेल.