मुहूर्त आणि भूमि

आमच्या मोहने गांवीं भूमिपूजनाचा मुहूर्त काढितांना ज्योतिषी ग्रहांची चौकशी करितात. भूमीच्या जुन्या रहिवाशांची करीत नाहींत. उल्हास नदीच्या या खोऱ्यांत कातकरी लोक पिढ्यानुपिढ्या राहत आले. खैराचा कात काढणें हा त्यांचा धंदा; नांवही त्यावरूनच पडलें. इंग्रज सरकारच्या १८७८ च्या जंगल कायद्यानें त्यांचा रानावरचा हक्क आवळला. पुढें पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर मजुरीस लागलीं. वनवासी समाजांवरील हा ऐतिहासिक अन्याय २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केला.

संकल्पांत देशकालाचा उच्चार होतोच. तेथें या लोकांचेंही स्मरण व्हावें, असें आम्हांस वाटतें. मात्र नुसत्या उच्चारानें ऋण फिटत नाहीं. पालकहो, आपल्या घराची वीट पाडणाऱ्यास पुरती मजुरी मिळावी, भट्टीच्या हंगामांत त्याच्या मुलांची शाळा चुकूं नये. तरच तो मुहूर्त शुभ म्हणावा.