दुधाळ्याची वेधशाळा आणि दहावीचा ऑफ तास

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ या पुस्तकातला पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होऊ घातली आहे. नाव ‘लायगो-इंडिया’. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो मोजण्याची यंत्रणा. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

मागच्या सुट्टीत गावी, म्हणजे आखाडा बाळापूरला, चहाच्या टपरीवर मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ऐकणारी सगळी विशीतली मुलं. एक मोबाईल शॉपीवाला, दोघं गॅरेजवर, एक बीएस्सी करून घरी बसलेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकाने विचारलं, “भाई, तिथं वॉचमनची भरती कधी निघणार?”

हसू आलं, आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या वेधशाळेत शास्त्रज्ञ म्हणून जायचा रस्ता त्याला कुणी दाखवलाच नव्हता. ज्याने दाखवायचा, तो माणूस शाळेत नव्हता.

माझ्या दहावीतही नव्हता. भौतिकशास्त्र शिकवणारे सर वर्षाच्या मध्यावर निवृत्त झाले आणि ती जागा रिकामी राहिली. काही दिवस ऑफ तास, मग हिंदीचे सर येऊन धडा मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ‘महत्त्वाचे प्रश्न’ उतरवून द्यायचे. त्यांचा दोष नव्हता. ते बिचारे ‘अपवर्तन’ हा शब्द आमच्याबरोबरच पहिल्यांदा वाचत होते. मी पुढे इंजिनीअर झालो याचं कारण नांदेडला ट्यूशन लावायची अब्बूंची ऐपत. वर्गातल्या बाकीच्यांच्या अब्बूंची ती नव्हती, आणि त्यातले दोघे-तिघे माझ्याहून हुशार होते. हे मी नम्रता म्हणून सांगत नाही, गुणपत्रिका सांगते.

आता जो कागद आपण वाचायला हवा होता त्याकडे येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला परिच्छेद ५.२. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की हुशार विद्यार्थ्यांनी, विशेषतः ग्रामीण भागातल्या, शिक्षकी पेशात यावं म्हणून चार वर्षांच्या एकात्मिक बीएडसाठी देशभर मोठ्या संख्येने गुणवत्ता-शिष्यवृत्त्या सुरू केल्या जातील. ग्रामीण भागासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या असतील आणि बीएड झाल्यावर त्यांना त्यांच्याच भागात नोकरीत प्राधान्य मिळेल. शिष्यवृत्ती आणि नोकरी, दोन्ही एकाच परिच्छेदात. सरकारी कागदात इतकं नेमकं वाक्य क्वचित सापडतं.

त्यातला अभ्यासक्रमाचा भाग पुढे सरकला. २०२३-२४ पासून ५७ संस्थांमध्ये चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू झाला. त्याची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते आणि उर्दूतूनही. ही गोष्ट बारावी सायन्सच्या प्रत्येक मुलामुलीला माहीत असायला हवी. शिष्यवृत्तीच्या वाक्याचं काय झालं? गेल्या पाच वर्षांत या नावाचा एक रुपयाही आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या कुणाच्या खात्यात जमा झालेला मी पाहिला नाही. नोकरीतलं प्राधान्य तर दूरच.

शिष्यवृत्त्या या देशात कमी नाहीत, पण त्यांचं तोंड नेहमी दुसरीकडे असतं. १९६३ मध्ये एनसीईआरटीने विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू केली, ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी होती. १९७६ मध्ये तिचा विस्तार झाला आणि इंजिनीअरिंग-मेडिकलही त्यात आलं. माझ्या मते ती योजना तिथेच हरली, कारण सरकारी पैशावर डॉक्टर-इंजिनीअर होता येत असेल तर फिजिक्सकडे कोण थांबणार? २०२२ मध्ये ती थांबवण्यातच आली. २००८ ची ‘इन्स्पायर’ वर्षाला ८०,००० रुपये देते, बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यातल्या मुलांना, आणि उद्देश आहे संशोधक घडवणं. चांगलाच उद्देश आहे. पण बीएस्सी झालेली मुलगी बीएडला गेली की ‘इन्स्पायर’च्या लेखी ती संपली.

आणि आपल्या हक्काच्या म्हणून ज्या होत्या, त्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. २०२२ मध्ये अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही गेली. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी दिली. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी घरांतल्या मुलींनी ओबीसी दाखला काढून तिचा फायदा जरूर घ्यावा. मात्र शुल्कमाफी म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. फी माफ झाली तरी खोलीभाडं, खानावळ आणि एसटीचा पास माफ होत नाही, आणि मुलगी घरी परततेही त्याच तीन गोष्टींमुळे.

दुसरीकडे काय करतात ते बघा. अमेरिकेत २००२ पासून ‘रॉबर्ट नॉयस’ शिष्यवृत्ती आहे. नॉयस म्हणजे इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, इंटिग्रेटेड सर्किटचा सहजनक. ज्या चिपवर माझं पोट चालतं, ती घडवणाऱ्याच्या नावाने तिथे शाळामास्तर घडवतात. विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्याला वर्षाला किमान १०,००० डॉलर, आणि अट अशी की प्रत्येक वर्षाच्या शिष्यवृत्तीपोटी दोन वर्षं गरजू भागातल्या शाळेत शिकवायचं. नाही शिकवलं तर शिष्यवृत्तीचं कर्ज होतं, व्याजासकट फेडा. इंग्लंडमध्ये फिजिक्सचा शिक्षक होऊ पाहणाऱ्याला प्रशिक्षणाच्या वर्षात हजारो पौंडांचं करमुक्त विद्यावेतन मिळतं, आणि तरीही फिजिक्स शिक्षकांचं उद्दिष्ट तिथे वर्षानुवर्षं गाठलं जात नाही. तेव्हा पैसे दिले की शिक्षक मिळाले, इतकं सरळ हे गणित नाही.

आपल्याकडे तर गणिताची दुसरी बाजूच गायब आहे. अमेरिकेतली अट काम करते कारण तिथे शाळेत जागा असते आणि ती भरायची असते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली ती कित्येक वर्षं. मग पवित्र पोर्टल आलं, २०१७, २०२३, २०२५ अशा अंतराने अभियोग्यता चाचण्या झाल्या. मधल्या वर्षांत बीएड झालेल्यांनी काय करायचं, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. कुणी रिक्षा घेतली, कुणी दहा-दहा हजारांवर खासगी इंग्लिश स्कूल धरलं. नोकरी लागलीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला २०२३ पासून महिना १८,००० रुपये, त्याआधी ८,००० होते. बीएस्सीची तीन, बीएडची दोन, शिक्षणसेवकाची तीन. आठ वर्षं झाली, आणि भरतीची वाट पाहण्यात गेलेली वर्षं मी धरलेलीच नाहीत. इंजिनीअरिंगला चार वर्षं लागतात. एवढा हिशेब आपल्या पोरांना कॅल्क्युलेटरशिवाय येतो.

म्हणून नुसती ‘शिष्यवृत्ती द्या’ ही मागणी अर्धी आहे. एमबीबीएसच्या बाँडचा अनुभव आपल्यासमोर आहे. एक वर्ष ग्रामीण सेवा करा नाहीतर दहा लाख भरा, असं लिहून घेतलं, आणि अनेकांनी दंड भरून वाट धरली. बाँड एकतर्फी असला की असंच होतं. मागायचा असेल तर दोन्हीकडून बांधणारा बाँड मागावा. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करणाऱ्या मुलामुलीला दुसऱ्या वर्षापासून बीएड होईपर्यंत राहण्या-जेवण्याचा खर्च, तिने त्या बदल्यात आपल्याच तालुक्यात ठरावीक वर्षं शिकवायचं, आणि शासनाने त्याच कागदावर लिहून द्यायचं की शाळेतली रिकामी जागा तिची. परिच्छेद ५.२ मध्ये यापेक्षा वेगळं काहीच लिहिलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही त्यात हव्यात, कारण तिथे अडचण दुहेरी आहे. विज्ञान येणारा आणि ते उर्दूतून समजावून सांगू शकणारा शिक्षक शोधायचा असतो. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ विज्ञान उर्दूतून शिकवत होतं, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. शंभर वर्षांनी आपण दहावीच्या पातळीवर अडलोय.

सरकारवर इतकं बोलून झाल्यावर थोडं घरात. पैसे घेऊन शिक्षकाची जागा देण्याचा धंदा फक्त ‘त्यांच्या’ संस्थांत चालतो असं समजू नका. घटनेच्या कलम ३० चा आधार घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्याही काही संस्थांबद्दल तेच ऐकू येतं, दर तेवढा वेगळा. ज्याने जागेसाठी लाखो मोजले, तो प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला बांधील राहत नाही. आणि जकातीचा शैक्षणिक पैसा बघा. नीटच्या क्लासची फी भरायला गावोगाव लोक पुढे येतात. पोरगं डॉक्टर झालं तर मोहल्ल्याचं नाव होतं. बीएस्सी-बीएड करणाऱ्या मुलीसाठी हात आखडतो, कारण शिक्षिका होण्यात कुणाला मिरवण्यासारखं काही दिसत नाही. त्या डॉक्टरला नववीत पेशी कुणी समजावली, हे विचारायची पद्धत नाही.

यात मी स्वतःही आहे. माझी मामेबहीण फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली. दोनदा नीट दिली होती, नंबर लागला नाही. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना जमवून शिकवते. काचेच्या ग्लासात पेन्सिल बुडवून ती वाकडी का दिसते हे सांगताना मी तिला ऐकलं. मला ‘अपवर्तन’ कळायला अकरावी लागली होती, त्या पोरांना दहा मिनिटं पुरली. तरी तिने पुढचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “पायथनचा कोर्स कर, पुण्यात लावून देतो.” ती म्हणाली, “भाईजान, मेरेकू पढानाइच है.”

मामूंचा विरोध शिकण्याला नव्हता. ते हळदीच्या हंगामात आडतीवर हिशेब लिहितात, त्यामुळे त्यांचा प्रश्नही हिशेबाचाच होता. नांदेडला दोन वर्षं राहायचा खर्च कुठून आणायचा, आणि त्यानंतर भरती निघेल याची खात्री कोण देणार? पहिल्याचं उत्तर मी देऊ शकत होतो. दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

तिने बीएडची सीईटी दिली. पहिल्या वर्षाचे वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे आम्ही तीन भावंडं मिळून भरतोय. दुसऱ्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही. गल्लीतला संध्याकाळचा वर्ग सध्या बंद आहे.