कानांनी पाहायची मालिका

मराठी मालिकेत फोन वाजला की पात्र काय करतं ते जरा नीट पाहा. “हॅलो... काय? अपघात? दादांचा? कुठल्या हॉस्पिटलमध्ये?” पलीकडून जे सांगितलं गेलं ते सगळं हे पात्र खणखणीत आवाजात पुन्हा म्हणून दाखवतं. खऱ्या घरात असं कोणी फोनवर बोललं तर बाकीचे आधी त्यालाच धरून खाली बसवतील. मालिकेत मात्र ते खपतं, कारण ती वाक्यं टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी नसतातच. ती आत ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी असतात.

संध्याकाळी सात ते दहा ही मालिकांची वेळ आणि घरोघरच्या स्वयंपाकाची, जेवणाची नि झाकपाकीचीही तीच. ज्याला हे कळत नाही तो मालिकालेखक टिकायचा नाही. म्हणून मग खलनायिका खोलीत एकटी उभी राहून आपला कट मोठ्यांदा बोलते. धक्का बसला की आधी दणदणीत संगीत, मग तोच धक्का घरातल्या एकेकाच्या चेहऱ्यावर आणि ब्रेक संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. खरं तर ही आकाशवाणीची श्रुतिकाच, फक्त चित्रं चिकटवलेली. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चालली ती या तंत्रावर. रोहिणी हट्टंगडींसारखी ताकदीची अभिनेत्री त्यात होती; पण त्यांच्या अभिनयातलं बारीक काम पाहायला समोर बसलेलं होतं कोण? याउलट दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ला अख्खं घर टीव्हीपुढे मांडी घालून बसायचं. चॅनेल एकच आणि भाग आठवड्याने. त्यामुळे दिलीप प्रभावळकरांची नुसती उडालेली भंबेरी पाहूनही लोक हसायचे.

मालिका कानांसाठी होते याचं दुःख नाही. ज्याचे हात पिठात आहेत त्याचीही करमणूक व्हायला हवी. दुःख याचं की, तीच सवय घेऊन आपण सिनेमाला बसतो आणि “काही घडतच नाही बुवा” म्हणून मोकळे होतो.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ घ्या. २०१५ साली प्रदर्शित झाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, भारतातर्फे ऑस्करलाही गेला. घरात टीव्हीवर लावला की दहाव्या मिनिटाला कोणीतरी रिमोट मागतं. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही, कोणी कोणाला सुनावत नाही. पण पाहणाऱ्याला काय काय दिसतं! खटला भरलेल्या शाहिराला तुरुंगात डांबायला निघालेली सरकारी वकील, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, लोकलमध्ये शेजारणीशी साध्यासुध्या गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडवणारं नाटक बघून खदखदून हसते. बाई वाईट नाही, आपल्यातलीच आहे. हे एकही पात्र बोलून दाखवत नाही. न्यायाधीश एका बाईचा खटला केवळ तिने बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून पुढे ढकलतात. त्यावरही ढोल वाजत नाही. भाजी निवडता निवडता ‘कोर्ट’ ऐकलात तर हाती फक्त तारखा लागतील.

‘सैराट’ पुष्कळ बोलका, गाता-नाचता सिनेमा. त्याचा शेवट मात्र नागराज मंजुळेंनी आवाज काढून घेऊन केला. रक्तात पाय बुडालेलं नायक-नायिकेचं पोर रडत बाहेर जातं, पण ते रडणं ऐकू येत नाही. थिएटरात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी ती शांतता घरी टीव्हीवर आली की कोणी विचारतं, “आवाज गेला का?”

ताम्हाणेचाच ‘द डिसायपल’ तर २०२१च्या एप्रिलमध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे आपल्याकडे त्याचा प्रेक्षक घरी बसलेलाच होता. विषय शास्त्रीय संगीत, तरी तो नुसता ऐकून कळत नाही. रात्रीच्या मुंबईतून मोटारसायकलवर जाणारा, गाणं शिकणारा आदित्य, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं साधनेवरचं प्रवचन (हा आवाज सुमित्रा भावे यांचा) आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत जाणारी शंका. शेवटी लोकलच्या डब्यात एक माणूस गात जातो, शेजारी बायको-मुलीसह आदित्य बसलेला. तो काय विचार करतोय ते सांगायला तिथे मागून कोणी येत नाही. वाचायचा तो चेहरा, आणि ते काम आपलं.

हिंदी वेबमालिकांतही जिथे हा विश्वास ठेवला तिथे काम झालं. ‘गुल्लक’चे भाग मोजके, त्यात याच गीतांजलीबाई नवऱ्याशी निम्मं बोलणं कढईच्या आवाजातच करतात. ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वात प्रल्हादचा सैनिक मुलगा जातो. फैसल मलिक तिथे फारसे बोलतच नाहीत, म्हणून पोटात कालवतं. पुढे निवडणुकीत शिरल्यावर तीच मालिका भरकटू लागली: डावपेच जास्त, माणसं कमी.

ओट्यापाशी असलेल्या बाईकडे कानांनी पाहण्याचं सबळ कारण आहे. सोफ्यावर पसरून एक डोळा फोनवर ठेवणाऱ्याकडे ते नाही. आणि चांगली कलाकृती “संथ आहे” असा निकाल बहुतेकदा हाच गडी देतो. तेव्हा विनंती एवढीच, की आठवड्यातली एक संध्याकाळ घरात नुसत्या खिचडीवर भागवा, तीही सोफ्यावरच्याने शिजवावी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ओट्यापाशी असते तिच्यासकट सगळ्यांनी मिळून एक सिनेमा शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहा. नंतर खुशाल म्हणा, आवडला नाही.