मोटारसायकलचा परवाना व शिक्षण

पोहावयास शिकल्यावांचून शहाणा मनुष्य विहिरींत उडी घेत नाहीं. परंतु मोटारसायकल हातीं येतांच, न शिकतां रस्त्यावर उतरण्याचें आमच्या तरुणांस भय वाटत नाहीं. सन २०२२ मध्यें भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवर बसलेलीं होतीं. हा दैवाचा खेळ म्हणून स्वस्थ बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

अवजड मालमोटार किंवा बस चालवूं इच्छिणारास शिक्षणशाळेचा दाखला सादर करावा लागतो. दुचाकीस्वारास तो लागत नाहीं. शिकाऊ परवाना मिळून ३० दिवस लोटले, कीं तो परीक्षेस बसूं शकतो. ते दिवस त्यानें कसे घालविले, हें कोणी विचारीत नाहीं. मैदानावर आठाच्या आंकड्यावरून गाडी फिरविली, तर तोल साधतो एवढेंच सिद्ध होतें. भर रस्त्यांतील प्रसंग निराळा असतो. वेगांतील गाडी थांबवितांना भार पुढल्या चाकावर येतो. म्हणून पुढला ब्रेकच अधिक कामाचा. परंतु तो एकदम आवळल्यास चाक अडकून स्वार पडतो. या भीतीनें पुष्कळजण केवळ मागला ब्रेक दाबतात, व गाडी वेळेवर थांबत नाहीं. पुढला ब्रेक क्रमाक्रमानें आवळण्याची संवय शिक्षकासमोर वारंवार करूनच अंगवळणीं पडते.

ब्रिटनमध्यें १९९० पासून नवशिक्यास सक्तीचें प्राथमिक शिक्षण घ्यावें लागतें. त्यांत शिक्षकाबरोबर निदान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवावी लागते. त्यावांचून एकट्यानें रस्त्यावर जातां येत नाहीं. असाच नियम इकडेहि व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. गरिबांस हा खर्च कसा झेपेल, असें कोणी विचारील. गाड्या विकून नफा मिळविणाऱ्या कारखानदारांनीं व सरकारनें तो वांटून घ्यावा, हेंच न्याय्य होय.

विद्यार्थिमित्रहो, गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षें पुरीं झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी चालकाच्या अपराधाबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. म्हणून घरांतील कोणी कौतुकानें किल्ली पुढें केली, तरी ती नम्रपणें परत करावी. पुढें योग्य वेळीं रीतसर शिकावें, शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखालीं घट्ट बांधावा, आणि मगच रस्त्यावर यावें.