अर्जुनाची अस्त्रे आणि अणुबॉम्बचा हट्ट

अर्जुनाने मिळवलेली दिव्यास्त्रे म्हणजे प्राचीन भारताची अण्वस्त्रे, असे विधान आज व्याख्यानांत आणि व्हॉट्सअॅपवर सर्रास केले जाते. साक्षीला अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमरला उभे करतात. १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीची आठवण सांगताना त्याने गीतेतले वचन उच्चारले, तेव्हा महाभारतातल्या बॉम्बची त्याला कल्पना असणारच, असा हा युक्तिवाद. आपल्या पूर्वजांविषयीच्या अभिमानातून तो येतो, हे मला मान्य आहे. तो युक्तिवाद मात्र मान्य नाही.

ओपेनहायमर बर्कलीत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकला होता. त्याला आठवले ते अकराव्या अध्यायातले, विश्वरूप दाखवणाऱ्या श्रीकृष्णाचे वचन. तिथे कोणत्याही अस्त्राची चर्चा नाही. महाभारताचे खुद्द वनपर्व काय सांगते ते पाहा. अर्जुनाला पाशुपत अस्त्र देताना शंकर म्हणतात, हे मनाने, दृष्टीने, वाणीने किंवा धनुष्याने सोडता येते. नजरेने सुटणारे अस्त्र कोणत्या कारखान्यात घडते? युरेनियमची खाण, त्याचे शुद्धीकरण, त्यासाठी राबणारी हजारो माणसे, यांची पुसटशी खूणही कथेत नाही. कथेत आहे एकटा माणूस आणि त्याचे तप.

दुसरा गैरसमज उलट बाजूने येतो : इंद्राचाच मुलगा, त्याला सगळे आयतेच मिळाले. तेही खरे नव्हे. व्यासांनी दिलेली प्रतिस्मृती विद्या युधिष्ठिराकडून घेऊन अर्जुन इंद्रकील पर्वतावर पोहोचतो, तेव्हा तापसाच्या वेषात भेटलेला पिता त्याला स्वर्ग देऊ करतो. भावांना वनात टाकून मला स्वर्ग नको, असे अर्जुन सांगतो. तरीही इंद्र अस्त्रे देत नाही. आधी शंकराचे दर्शन घे, म्हणतो. मग सुरू होते ते कठोर तप : आहार कमी करत करत चौथ्या महिन्यात केवळ वायुभक्षण. त्यानंतर डुकराच्या रूपातल्या मूक नावाच्या दानवावरून किराताच्या वेषातल्या शंकराशी झुंज. अक्षय म्हणवणारे भाते रिकामे होतात, गांडीव हातातून जाते, अर्जुन मुठींनी लढतो आणि अखेर निश्चेष्ट पडतो. आपल्या काळातल्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराला धनुष्यावाचून हरवल्यावरच त्याच्या हाती पाशुपत पडते. भारवीने याच प्रसंगावर अठरा सर्गांचे महाकाव्य रचले, इतका तो समृद्ध आहे.

शंकर अर्जुनाला अस्त्र सोडण्याबरोबर ते आवरण्याची रीतही शिकवतात, आणि दुबळ्यावर अविचाराने सोडलेस तर जग जळेल, अशी ताकीद देतात. माझ्या मते अर्जुनाच्या अस्त्रशोधाचा गाभा इथे आहे. पाच वर्षे इंद्रलोकी राहून, निवातकवच दानवांचा संहार करून अर्जुन परततो. युधिष्ठिराला अस्त्रे पाहायची असतात. तो ती दाखवू लागताच पृथ्वी कापते, प्राणिमात्र व्याकुळ होतात आणि नारद येऊन त्याला थांबवतात : लक्ष्य नसताना, नुसती दाखवण्यासाठी अस्त्रे वापरू नयेत. अर्जुन थांबतो. पुढे उद्योगपर्वात तोच म्हणतो की दिव्यास्त्रांनी सामान्य माणसांना मारणे योग्य नाही, आम्ही सरळ युद्धानेच जिंकू.

अस्त्र सोडता येणे आणि ते आवरता येणे, हा फरक सौप्तिकपर्वात जिवावर येतो. द्रोणपुत्र अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, अर्जुन त्याला शमवण्यासाठी तेच अस्त्र सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहताच अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि त्याचा घाव अर्जुनाची सून उत्तरा हिच्या गर्भावर बसतो. अस्त्र दोघांकडेही होते आणि दोघांचा गुरूही एकच होता. द्रोणांनी मात्र ते मुलाला त्याच्या हट्टापायी, नाखुशीने दिले होते.

अणुबॉम्बचा दावा हे सगळे पुसून टाकतो. त्याला स्फोट तेवढा दिसतो, तपही दिसत नाही आणि अस्त्र आवरणेही नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तर संहाराच्या शक्तीबरोबर ती आवरण्याची अट घालणाऱ्या त्यांच्या प्रतिभेचा बाळगावा. कीर्तनकारांना, शिक्षकांना आणि घरी गोष्टी सांगणाऱ्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे : मुलांना किरातयुद्ध सांगाल तेव्हा नारदाने अर्जुनाला थांबवले, तो प्रसंगही अवश्य सांगा.